पडीक माळावरची बोराटी

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात औषधं येतात तशी संपतात, किस्से मात्र संपत नाहीत. दारातल्या कडुलिंबाखाली एक बाक आहे. ज्याचं जनावर आत असतं तो तिथं बसतो, आणि ज्याच्या घरी कुणीच आजारी नसतं तोही बसतो. वाशिम जिल्ह्यातलं, अनसिंगच्या अलीकडचं छोटं गाव, दुसरी करमणूक काय? मी इथला डॉक्टर. हात कामात असले तरी कान बाहेर असतात. बाकीचे किस्से मी हसत सांगतो. हे बोराटीचे सांगताना डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो!

बोराटी म्हणजे आमच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या माळावरचं कमरेएवढं काटेरी झुडूप. हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात पाला. शेळ्या तिच्यावर जगतात, तितर-ससे तिच्या आडोशाला राहतात. तिला कुणी लावत नाही, पाणी घालत नाही. म्हणूनच बहुतेक तिची कुणाला किंमत नाही.

*

वृक्षलागवडीचे एक साहेब माळ पाहायला आले. ऐन बोरांचे दिवस. मीही सोबत होतो. साहेब झुडपाझुडपाशी थांबत होते, बोरं तोडून तोंडात टाकत होते. घरच्यांसाठी रुमालभर बांधूनही घेतली. मग बी थुंकत गाडीपाशी आले आणि म्हणाले, "पडीक आहे हो सगळं. काहीच उगवत नाही इथं!"

मी म्हटलं, "मग साहेब, तोंडात काय आहे?"

साहेब हसले. पुढच्या उन्हाळ्यात जेसीबी आला.

*

जेसीबी आला तेव्हा सगळ्यात खूश कोण, तर विठ्ठलराव. त्यांचं शेत माळाला लागून. नीलगाय, म्हणजे आमच्याकडचे रोही, झुडपात बसायचे आणि पिकात घुसायचे. "झुडपं गेली का रोही गेले समजा!" असं बाकावर बसून सांगत सुटले. ड्रायव्हरला घरून चहा नेऊन दिला. माळ सफाचट झाला. तितरांची अंडी चाकाखाली गेली, सशाची पिल्लं कुत्र्यांनी नेली. त्यांचं कोण रडणार?

दिवाळी झाली आणि विठ्ठलराव लालबुंद होऊन दवाखान्यात! "डाक्टर, रोह्यायले झोपवाची सुई हाये का तुमच्यापाशी?"

"काहून? रोही तर गेले ना?"

"कायचे गेले! माया तुरीत बसून राह्यले! तेईले बसाले दुसरी जागा ठेवली कुठी?"

"कुणी नाही ठेवली, विठ्ठलराव?"

चहा सांगितला होता. तो न घेताच उठले.

*

हा त्याच्या थोडा आधीचा, पावसाळ्यातला. माळावर रोपं लागली आणि गावातली जनावरं त्यांच्यावर तुटून पडली. खायला दुसरं ठेवलंच काय होतं? कामावरचे मुकादम मारोतराव बाकावर बसून साहेबांशी फोनवर बोलत होते. फोन स्पीकरवर, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"प्रत्येक रोपाला काट्यांचं कुंपण करा! खर्च नको. गावातलंच साहित्य वापरा!"

"कायच्या काट्या, साहेब?"

"बोराटीच्या! माळावर असतात की ढीगभर!"

मारोतराव उघड्या माळाकडे पाहत राहिले. शेवटी केनवडच्या बाजूनं ट्रॅक्टर भरून काट्या आणल्या, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी माळ बोडका करून! रोप लावायला बोराटी उपटायची आणि रोप वाचवायला बोराटी आणायची. याला योजना म्हणतात.

*

शेवंताबाई बौद्धपुऱ्यातल्या. शेत नाही, नवरा नाही. शेळ्यांच्या जिवावर मुलीला वाशिमला नर्सिंगला घातलेलं. काट्यांनी भागेना म्हणून अख्ख्या माळालाच तारेचं कुंपण पडलं, 'चराईबंद' अशी पाटी लागली, आणि शेळ्यांना काय घालावं हा प्रश्न उभा राहिला. एकदा लग्नातला उरलेला भात घातला. शेळीचं पोट फुगून नगारा झालं, तेव्हा धावत आल्या.

मी खवळलो. "बाई, शेळीला भात चारतात का? पाला चारा, पाला!"

"कोनता पाला चारू, डाक्टर?" त्याही खवळल्या. "तुमीच सांगा! हा तुमच्या दारचा लिंब वरबाडू का?"

मी पोटात नळी घातली, सुई दिली. शेळी संध्याकाळी गेली. बाकीच्या त्यांनी एकेक करून शिरपूरच्या बाजूला विकल्या. एकच ठेवली, चांदी. तीही गाभण होती म्हणून. आणि मुलीचं शेवटचं वर्ष बाकी! मला साहेबांचा राग येतो, विठ्ठलरावांचा येतो, आणि त्या पाटीचा तर रोज येतो, कारण माझा रस्ताच तिथून जातो.

*

मे महिन्यात साहेब पुन्हा आले, रोपं किती जगली ते पाहायला. रोपं कसली, नुसत्या वाळक्या काड्या! पण टँकरचं पाणी खड्ड्याखड्ड्यात पडलेलं, आणि बोराटीची मुळं काही जेसीबीला सापडली नव्हती. प्रत्येक खड्ड्यात हिरवागार फुटवा. साहेब कुंपणालगतच्या एका खड्ड्यापाशी उकिडवे बसले आणि फोटोवाल्याला म्हणाले, "हं, घे!"

मारोतराव कानाशी लागले, "साहेब, हे तं बोराटी हाये."

"मले दिसत नाही काय? मी बी खेड्यातलाच आहो," साहेब दात-ओठ खात पुटपुटले. "फोटोत हिरवं दिसलं म्हंजे झालं!"

तेवढ्यात चांदी. शेवंताबाई दावं धरून तमाशा पाहायला कुंपणाच्या फटीपर्यंत आल्या होत्या, आणि चांदी त्या फटीतून मान घालून थेट साहेबांच्या हाताजवळचा फुटवा ओरबाडायला लागली. काटे, साहेब, फोटो, कशाचंच तिला काही नाही!

"बाई, धरा ते शेळी!" साहेब ओरडले. "झाड खाऊन राह्यली!"

शेवंताबाईंनी हातातलं दावं सोडून दिलं.

"तुमचं झाड तं कवाच वाळलं, साहेब. हे तिचं हाये."