हलकं काही दाखवा

शिळफाट्याजवळच्या एका बंदुकीच्या दुकानात मी एकवीस वर्षं काउंटरला उभा होतो. माणसं यायची खरेदीला, पण जाताना स्वतःबद्दलच बरंच काही ठेवून जायची. ते साचत गेलं. आता गुडघ्यांमुळे घरी बसलोय, मित्र चहाला आले की एकेक बाहेर निघतं.

लायसन हातात पडलं की जो तो एकच म्हणायचा, “हलकं रिव्हॉल्वर दाखवा. रानात फिरताना कमरेला जाणवलं नाही पाहिजे!” चालवायचं कोणावर, हे कुणी बोलायचं नाही.

*

मोहोपाड्याच्या केमिकल कंपनीतून रिटायर झालेले एक साहेब आले. त्यांनी सगळ्यात हलकं पसंत केलं. मी म्हटलं, “साहेब, जितकं हलकं तितका झटका जास्त. थोडं जड घ्या.”

“मला शिकवू नका, मी इंजिनियर आहे!”

आठवड्यानं मनगटाला प्लास्टर घालून हजर. रेंजवर पहिल्याच गोळीला हात गेला होता. “हे आधी सांगायला काय झालं होतं?”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. माफी मीच मागितली.

*

एक डॉक्टर दर रविवारी ट्रेकला जायचे. सॅक घेऊनच दुकानात आले. रिव्हॉल्वर काही आत बसेना. पाण्याची बाटली काढली, तेव्हा बसलं. “परफेक्ट!”

एप्रिलच्या उन्हात चढावर चक्कर येऊन पडले. करवंदं विकायला निघालेल्या दोन ठाकर बायकांनी आपल्याजवळचं पाणी पाजलं, धरून धरून खाली आणलं. शुद्धीवर येताच डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “माझ्या सॅकला हात कोणी लावला?”

*

एक पुढारी बायकोला घेऊन आला. तो आरशासमोर उभा राहून कमरेला लावून बघत होता, तेवढ्यात ती हळूच मला म्हणाली, “घरात कुलपात ठेवायचं असतं ना? तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत.”

मी सांगितलं. तो खो खो हसला. “हिला घाबरायला काहीही चालतं!”

ती हसली नाही.

*

लतीफचाचांची खालापूरकडे आंब्याची बाग. एकटे राहायचे. चोरांनी दोनदा मारलं होतं. दर वर्षी मोहोर आला की दुकानात यायचे. “हातात घेऊन बघू दे रं जरा.” बघायचे आणि परत ठेवायचे. “कागद नाय आला अजून.”

त्यांच्या मागून अर्ज केलेले तीन बिल्डर माल घेऊन गेले.

एका उन्हाळ्यात त्यांची मुलगी आली. “अब्बांचं लायसन आलंय. ते गेले फेब्रुवारीत. हे परत कुठे द्यायचं?”

मालक म्हणाले, “जिथून आलं तिथे. अर्ज करावा लागेल.”

“अजून एक अर्ज!” ती म्हणाली आणि तिथेच स्टुलावर बसली.

*

पळसदरीला एका शेठनं ओढ्याकाठची जागा घेतली, तारेचं कुंपण घातलं. शेजारच्या वाडीची पायवाट त्यात गेली. बिबट्यासाठी म्हणून रिव्हॉल्वर घेतलं. ते साफ कसं करायचं, हे दाखवायला मी गेलो होतो.

कुंपणाला वळसा घालून एक म्हातारी मोळी घेऊन आली आणि दम खायला टेकली. शेठनं आपल्या कमरेच्या रिव्हॉल्वरवर थाप मारली. “आजी, एकटी फिरतेस रानात. भीती नाही वाटत?”

म्हातारीनं त्याच्याकडे नीट बघितलं.

“आदी नाय वाटायची.”

मग मोळी डोक्यावर चढवायला तिनं मला बोलावलं.