माझं सुप्रभात आणि अडकलेले मेल

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे मंडळाच्या पानावर लिहितोय. शनिवारच्या दिवाळी फराळाचा हॉल ऐनवेळी बदललाय. ज्यांना कळणार नाही ते लेकराबाळांसकट, हातात डबे घेऊन बंद दारापुढे उभे राहतील.

इथल्या परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाचा मेल सर्व्हर मी घरीच चालवतो, चुकत-माकत शिकलोय. सकाळी हॉलचा मेल सगळ्यांना पाठवला, तर एकेक करून परत यायला लागला. सेटिंग तपासली, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला. काही उपयोग नाही. शेवटी चष्मा पुसून लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, नीट वाचला. समोरचे सर्व्हर म्हणत होते, तुमच्याबद्दल फार तक्रारी आहेत, तुमचे मेल घेणार नाही.

माझ्याबद्दल तक्रारी? मंडळातल्याच, शेजारच्या बॉबलिंगेन गावातल्या अश्विनीला फोन लावला.

"काका, रागावू नका हं. तुमचं रोजचं फुलांचं सुप्रभात मेलवर येतं ना, ते मी स्पॅमचं बटण दाबून काढून टाकते. बरेच जण तसंच करतात, त्याचीच तक्रार म्हणून नोंद होत असेल."

"अगं, मग सांगायचंस ना मला!"

"कसं सांगणार? तुम्ही एवढ्या प्रेमानं पाठवता."

आल्झो, इथल्या भाषेत 'तर मग', सुप्रभात आजपासून बंद. आमचे मेल पुन्हा घ्या असा त्या सर्व्हरवाल्यांकडे अर्ज केलाय, पण उत्तर कधी येईल देव जाणे. तोवर फोन करत बसलोय, निम्मी घरं अजून बाकी आहेत. नवा हॉल स्टेशनमागच्या शाळेत, दुपारी तीनला. एकमेकांना कळवा.

आणि एक विचारू? "काका, पुरे आता" एवढं तोंडावर म्हणता येऊ नये, इतका लांबचा वाटतो का रे मी तुम्हाला?