गोडाऊनला फरशी नको म्हणणारी रुक्सार

आमच्या हळद उत्पादकांच्या कंपनीचं गोडाऊन कराडपासून पाऊण तासाच्या वाटेवर उभं राहत होतं. भिंती झाल्या, वर पत्रा चढला, खालची जमीन करायची तेवढी राहिली. आम्हा सभासदांच्या मते आता काम उरलंच नव्हतं. फरशी टाकली की हळद आत. त्या उरलेल्या कामाचा घोर एकाच माणसाला लागला होता, रुक्सार मुल्लाला.

रुक्सारला कंपनीनं बांधकामावर देखरेख करायला आणि पुढं गोडाऊन सांभाळायला ठेवलं होतं. वय तेहतीस-चौतीस, कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. वडील रसूल मिस्त्री फरशी बसवणारे. आमच्या भागातल्या निम्म्या घरांच्या फरश्या त्यांच्या हातच्या. म्हणूनच अध्यक्ष भाऊसोंनी बैठकीत विषय काढला तो असा :

"मोठी चकचकीत फरशी टाकू. काम रसूलभाईस्नी देऊ. घरचाच माणूस हाय. काय रुक्सार?"

सगळ्यांनी माना हलवल्या. रुक्सार उभी राहिली.

"भाऊसो, गोडाऊनला फरशी नको."

तिनं कारणं सांगितली. पोत्यांच्या थप्प्या उंच लागणार, भरलेली ट्रॉली दिवसभर फिरणार, तो भार फरशी सोसणार नाही. शिवाय खाली काळी माती, तिची ओल सांध्यांतून वर येणार. तिला ट्रायमिक्सची जमीन हवी होती. म्हणजे खाली जाड प्लास्टिक अंथरून काँक्रीट ओतायचं, त्यातलं जादा पाणी पंपानं ओढून घ्यायचं आणि वरून मशिननं घोटून काढायचं.

"अगं, पण दिसाय कसं दिसंल ते?" भाऊसो म्हणाले. "उद्घाटनाला माणसं येणार. राखाडी जमीन दाखवायची व्हय त्यास्नी?"

"माणसं एक दिवस येतील. पोती रोज येणार हायत."

भाऊसोंना ते लागलं असावं. पण माणूस सरळ. "आठ दिवस देतो," ते म्हणाले. "आमास्नी पटवून दाखव."

ही बाई एवढी हट्टाला का पेटली, हे मला नंतर कळलं. डिप्लोमानंतर तिची पहिली नोकरी सांगलीजवळच्या एका बेदाण्याच्या गोडाऊनात होती. तिथं गुळगुळीत फरशी होती. दुसऱ्याच वर्षी ट्रॉलीच्या वाटेवरच्या फरश्या फुटल्या. फुटक्या कडेत चाक अडकलं, ट्रॉली कलंडली आणि एका हमालाच्या पायाचं हाड मोडलं. बायकोच्या खांद्याला धरून तो पुन्हा काम मागायला आला, तेव्हा त्याला नाही सांगायचं काम रुक्सारवर आलं होतं. त्यानंतर महिन्याभरात तिनं ती नोकरी सोडली.

आठ दिवसांतले पहिले दोन तिनं नुसते हमालांशी बोलण्यात घालवले. आमचा हमालांचा मुकादम नाथाजी. त्याला जमिनीबद्दल आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. तो आधी हसला, मग बोलायला लागला.

"ताई, हळदीची भुकटी फरशीवर सांडली ना, की पाय लोण्यावर पडल्यागत व्हतंय. अन् पाठीवर साठ किलो. पडला की गेला माणूस."

मग तिनं अंगणात शेजारी शेजारी तीन तुकडे करून घेतले : एक शहाबादी फरशीचा, एक चकचकीत फरशीचा, एक काँक्रीटचा. गोडाऊनच्या आत दाबलेल्या मुरमावर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. आठव्या दिवशी सकाळी सगळे सभासद गोळा झाल्यावर तिनं भाऊसोंनाच तो कागद उचलायला लावला. खालच्या अंगाला घामासारखे थेंब जमले होते. दिवाळी होऊन महिना उलटला होता, पाऊस कधीच संपला होता, तरी.

भाऊसोंनी बोटानं थेंब पुसला. "आयला, हे सगळं पोत्यात गेलं असतं की!"

अंगणात नाथाजीनं दहा पोत्यांची ट्रॉली तिन्ही तुकड्यांवरून फिरवली. शहाबादीच्या सांध्यांवर ती धडधडली. चकचकीत फरशीचा कोपरा चौथ्या फेरीला टचकन उडाला. काँक्रीटवर चाकांचे नुसते पुसट वळ उठले. फार बोलायची गरज उरली नाही. ट्रायमिक्स ठरलं.

घरी मात्र सोपं नव्हतं. रसूल मिस्त्रींना बातमी आधीच लागली होती. ते जेवायला बसले होते.

"आमची हयात फरशीवर गेली," ते म्हणाले. "अन् आज माझीच लेक चार माणसांत उभी राहून म्हणती, फरशी नको. लोकांनी काय समजायचं? बापाच्या कामात खोट हाय?"

"अब्बा, तुमच्या हाताला मी नावं ठेवली न्हाईत. घराला तुमचीच फरशी पायजे. गोडाऊनला न्हाई."

"मला इचारायचं तरी."

विचारायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण विचारलं असतं आणि अब्बा नाही म्हणाले असते, तरी ती बदलणार नव्हती. ती तसं बोलून गेली. त्यानंतर चार दिवस रसूल मिस्त्री ती घरी यायच्या आत जेवून उठायचे.

काँक्रीट ओतायचं त्या सकाळी गाड्या यायच्या आधी रसूल मिस्त्री बोलावल्याशिवाय हजर झाले. हातात पाण्यानं भरलेली लेव्हलची नळी. त्यांनी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत काँक्रीट ओतायचे सगळे पट्टे तपासले आणि दुसऱ्या पट्ट्याच्या कडेला लावलेल्या लोखंडी चॅनलपाशी थांबले.

"हितं चॅनल बोटभर बसलाय. असंच ओतलं तर दारात पाणी थांबंल."

रुक्सारनं स्वतः वाकून बघितलं. खरंच बसला होता. तिनं ठेकेदाराची कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी केली, काम तासभर थांबवलं आणि चॅनल उचलून घेतला. मुरमावर जाड प्लास्टिक पसरलं होतं, त्याला कुठं भोक नाही ना, हे बापलेकीनं दोन्ही टोकांकडून गुडघ्यावर येत तपासलं. मध्ये भेटल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले, "चहा सांग."

सगळं नीट झालं असं मात्र नाही. काँक्रीट ओतल्यावर दुसऱ्या दिवशी त्यात खाचा कापाव्या लागतात, म्हणजे जमीन आकसली तर फट त्या खाचेतच राहते. कापायचं मशिन बंद पडलं, एका पट्ट्याच्या खाचा दिवसभर उशिरा झाल्या आणि तिथं हातभर लांब वाकडी चीर गेली. ठेकेदार म्हणाला, वर सिमेंट फासू, कुणाला दिसणार नाही. रुक्सारनं ती चीर नीट भरून घेतली, पण झाकली नाही. पुढच्या बैठकीत तिनं स्वतःच सगळ्यांना नेऊन दाखवली. "दुसरं मशिन आधीच आणून ठेवाय पायजे हुतं. माझी चूक हाय." भाऊसोंनी चपलेचा अंगठा चिरेवरून फिरवला आणि पुढं गेले.

जमीन तीन आठवडे पाण्याखाली ठेवली. भाऊसोंना उद्घाटनाची घाई होती, पण महिना भरल्याशिवाय रुक्सारनं एकही ट्रॉली आत येऊ दिली नाही. कुलपाची किल्ली तिच्याजवळच असायची.

फाल्गुनात हळद आली. पावसाळा गेला. गणपतीनंतर नाथाजीनं पहिल्या थप्पीचं तळाचं पोतं काढून सगळ्यांसमोर उसवलं आणि हळकुंडं ओंजळीत घेऊन हलवली. ती खडखड वाजली. हमालांत कुणाचा पाय घसरला नव्हता, कुणी पडलं नव्हतं.

यंदा कंपनी सांगलीच्या बाजूला दुसरं गोडाऊन बांधतेय. पाया खणायच्या आधीच भाऊसोंनी रुक्सारला फोन केला, "माती बघून जा बाई पयली." ती मोटरसायकलवरून गेली. मागं रसूल मिस्त्री बसले होते.