व्याह्यांचं खोबरेल आणि अडकलेली किल्ली

आमच्या व्याह्यांच्या मते या जगात बिघडलेली वस्तू नाहीच. आहे ती फक्त खोबरेल न मिळालेली वस्तू. लग्नाची बोलणी करायला विश्रांतवाडीहून पहिल्यांदा आमच्या हडपसरला आले, तेव्हा पाण्याच्या पेल्याआधी त्यांचं लक्ष गेलं कुरकुरणाऱ्या दाराकडे. खिशातून बाटली काढली, बिजागरीवर थेंब सोडले, दार उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाले, "हं, आता बोला." पुढं आमचा पंखा, शिलाई मशीन, कपाटाचं कुलूप, काहीच त्यांनी कोरडं ठेवलं नाही. मी चौथी शिकलेला साधा माणूस, पण माझ्या वस्तूला कुणी हात लावलेला मला खपत नाही. तरी काय करता, व्याही पडले!

गेल्या डिसेंबरात ते लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला आले. विहीणबाई जाऊन वर्ष होत आलेलं. "तिथं हिचं करणार कोण?" आमच्या मंडळींनी आडून विचारून पाहिलं. "पहिलं बाळंतपण माहेरीच. हिच्या आईनं ठरवून ठेवलं होतं," व्याही म्हणाले. सकाळी माझ्या गाडीतून न्यायचं ठरलं.

गाडी सुरू करायची किल्ली मात्र अडकायची. मी ती माझ्या पद्धतीनं, म्हणजे शिव्या देऊन, फिरवायचो. हे कळल्यावर व्याह्यांचा चेहरा उजळला. संध्याकाळी बाटली काखेत धरून त्यांनी तेल पातळ केलं आणि बाळाची टाळू भरावी तसं किल्लीचं भोक भरलं. रात्रीच्या थंडीत ते आत थिजलं. सकाळी किल्ली आत गेली, पण फिरेना.

"तेल मुरतंय," व्याही म्हणाले.

"मुरतंय कसलं, गोठलंय!"

मग मंडळींची गुडघे शेकायची पिशवी त्या भोकाला लावून आम्ही दोघं म्हातारे गाडीत बसलो. शेजारचा जाता जाता म्हणाला, "काका, गाडीला थंडी वाजते का?" शेवटी सूनबाई पोट सावरत आली. "बाबा, किल्ली फिरवताना स्टिअरिंग जरा हलवा की." हलवलं. गाडी सुरू झाली.

"तेलाचा गुण!" व्याही म्हणाले.

सामान चढलं. मंडळींनी सुनेच्या कानाला रुमाल बांधला, शाल नीट केली, पुन्हा रुमाल तपासला. सुनेनंही लहान पोरीसारखी मान पुढं केली. व्याही बघत राहिले. मग त्यांनी गाडी बंद केली, किल्ली अलगद बाहेर काढली.

"किल्ली अजून अडकते, व्याही. असल्या गाडीचा भरवसा नाही. हिला इथंच राहू दे."

माझ्या गाडीला नाव ठेवलेलं मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण म्हणालो, "खरंय. अगदीच बेभरवशाची आहे."

आता नातू रांगायला लागलाय. व्याही दर रविवारी बस बदलून येतात, किल्ली बघायला म्हणून. नातवाला मांडीवर घेऊन गाडीत बसतात, किल्ली फिरवतात, काढतात.

"काय म्हणते?" मी विचारतो.

"अजून जरा अडकते."

"मग पुढच्या रविवारी बघा."

संध्याकाळी मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला जातो. चालतच. गाडीचा भरवसा नाही ना.