आत्याआजीचे केस

वडिलांची आत्या, आमची आत्याआजी, ऐंशी पार करून गेली. भिंतीवर लावायला तिचा एकच फोटो सापडला. मालाडच्या घराच्या ओट्यावर ती बसली आहे, डोकं उघडं, पांढरा भरगच्च अंबाडा. काकांनी मला स्टुडिओत पाठवलं. "मोठा करून घे, आणि डोक्यावर पदर रंगवायला सांग. घरात चार लोक येतात."

विसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि दारात न्हावी आला, तेव्हा ती हातात विळी घेऊन बसली होती, हे मला काकांनीच कौतुकाने सांगितलं होतं. पुढे साठ वर्षं तिने ते केस ओट्यावर उन्हात बसून विंचरले.

अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला घाम फुटतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीही अडखळत येतं. तरी स्टुडिओवाल्याला म्हटलं, "पदर नको. आहे तसाच मोठा करा."

आठवड्याने फोटो घरी आला. काका भडकले. "तुला काय सांगितलं होतं गं मी?"

"तिने जन्मभर कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही, काका. आता मीही देणार नाही."

ते बोलतच राहिले. मी स्टुलावर चढून खिळा ठोकला.