भूपाळअण्णांचा इटालियन दगड

आमच्या दुकानात माल खपायचा नाही, त्यामुळे वेळ भरपूर. आणि वेळ भरपूर असला की माणसं येतात, बसतात, चहा पितात, काहीतरी बोलून जातात. दगड जागच्या जागी राहिला, बोलणी मात्र साठत गेली. आता आम्ही जुनी मंडळी कुठं भेटलो की एकजण सुरू करतो, "अरे, तो तड्यावाला आठवतो का?" आणि पुढचा तास गेलाच!

सत्तरनंतरची ती वर्षं. सांगली-मिरज रस्त्याला भूपाळअण्णांचं फरशीचं दुकान. मी तिथं गिऱ्हाईक बघायचो. गफूर मिस्त्री, मूळचा राजस्थानातल्या मकराण्याचा, दगड कापायचा, पॉलिश करायचा. अण्णा शहाबादी फरशीवर सुखात होते. पण मुंबईत एका व्यापाऱ्याचं गोडाऊन मोडीत निघालं आणि अण्णांनी तिथला इटालियन मार्बल ट्रकभर उचलला. परदेशी माल येणं तेव्हा जवळपास बंदच झालं होतं. "आता हा दगड हातोहात जाईल," अण्णा हसत म्हणाले.

त्यानंतर अण्णा हसलेले मला फारसे आठवत नाहीत.

*

पहिलं गिऱ्हाईक वाळव्याकडचे एक पाटील. उसाचे मळे, नवा बंगला, हॉलला पांढरी फरशी पाहिजे. अण्णांनी आधी कॅरारा दाखवला. कॅरारा म्हणजे पांढऱ्यात किंचित राखाडी झाक आणि धुरासारख्या बारीक, पुसट शिरा.

पाटील खाली वाकले. "अण्णा, ह्येला तडं गेल्यात की वो!"

"तडे नव्हेत, शिरा आहेत. ही जातच तशी."

"बिनतड्याचा दावा."

मग अण्णांनी स्टॅच्युआरिओ काढला. हा कॅराऱ्याहून कितीतरी उजळ. शिरा मोजक्याच, पण ज्या असतात त्या जाड, काळपट, ठसठशीत. मूर्तीचा दगड, सगळ्यात भारी! ओल्या फडक्यानं पुसून त्यांनी तो पाटलांसमोर उभा केला.

पाटील मागं सरकले. "आवं, ह्यो तर पार फुटलाय!"

शेवटी त्यांनी मोझॅक टाइल्स नेल्या. आणि जाताना अण्णांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मुंबईवाल्यानं तुमास्नी फसीवलं बगा."

*

सांगलीच्या गावभागातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला देवघरासाठी दगड हवा होता. अण्णांनी कॅलाकाटा दाखवला. पांढऱ्यावर रुंद, सोनेरी झाक असलेल्या शिरा. बघत राहावं असा.

"नाव काय म्हणालात?"

"कॅलाकाटा."

"कलकत्त्याचाच ना? मग इटलीचा म्हणून काय सांगताय?"

अण्णांनी कपाळाला हात लावला. व्यापारी संशयानं साधा कॅरारा घेऊन गेले. काही दिवसांनी त्यांचा निरोप आला, दगड पिवळा पडला! आम्ही गेलो. घरात हळदीकुंकू झालेलं. मार्बल हळद पितो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डाग निघावा म्हणून बायकोनं लिंबू चोळलं, मग चिंच चोळली. पिवळा रंग तसाच राहिला, चमक तेवढी जळून गेली. अण्णा त्या देवघरासमोर मटकन खाली बसले.

व्यापाऱ्यानं त्यांना धीर दिला. "अण्णा, परत घेऊन जावा. आता पिवळा झालाच आहे. कलकत्ता म्हणून विका!"

*

रोसो वेरोना विटकरी लाल असतो, त्यात पांढुरक्या गाठी. एका वकिलांनी तो स्वयंपाकाच्या ओट्यासाठी नेला. ओटा बसला आणि दुसऱ्याच दिवशी वकिलीणबाई स्वतः रिक्षातून दुकानात हजर.

"ह्याच्यावर मी पोळ्या लाटू? मटण पसरल्यासारखं दिसतंय ते!"

ओटा काढून आणला. दगड दाराशीच पडून होता. एक दिवस मिरजेचा एक खाटीक आला, हात फिरवून बघितला आणि खूश झाला. "दुकानात टाकतो. रगात दिसायचं न्हाई ह्येच्यावर!"

अण्णा जैन, घरात कांदासुद्धा नाही. ते आत गेले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तूच दे. मी बघत नाही."

ट्रकभर मालातली तेवढी एकच जात पूर्ण खपली!

*

रहिमतपूरकडच्या एका गावात कुणी पुढारी वारले. त्यांचा अर्धपुतळा करायचं ठरलं. कमिटीनं अण्णांकडून स्टॅच्युआरिओ नेला, मिरजेच्या मूर्तिकाराकडं दिला. चेहरा हुबेहूब उतरला. फक्त एक काळी शीर दगडाच्या पोटातून आली ती नेमकी डाव्या डोळ्यातून निघून गालावर उतरली.

"साहेब रडताना दिसतात," कमिटी म्हणाली. "साहेब आयुष्यात कधी रडले नाहीत. ती रेघ घालवा."

अण्णांनी गफूरला पाठवलं. गफूर घासत बसला. पण शीर वर काढलेली नसते, आतपर्यंत असते. जितकं पॉलिश चढेल तितकी ती ठळक! संध्याकाळपर्यंत साहेब ढसाढसा रडायला लागले. गफूर म्हणाला, "अब और घिसूँगा तो दूसरी आँख भी रोएगी."

अनावरणाला अण्णा आणि मी शेवटच्या रांगेत तोंड लपवून बसलो होतो. पडदा सरकला. पुढं बसलेला एक म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "आता रडून काय उपेग? तवाच गावाला पानी आनायचं हुतं!"

*

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. बांधकामं थांबली. अण्णांनी गफूरला जवळ बसवून सांगितलं, काम नाही, तुला ठेवू कसा? अण्णांचे डोळे भरले, गफूरच अण्णांना समजावत होता. दुसऱ्या दिवशी तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला.

आठवड्याच्या आत परत! मुकादमानं हाकलला होता. गफूरची जन्माची सवय, दगड हातात आला की आधी बोटानं टिचकी मारायची, कानाशी न्यायचा, आत कुठं चीर आहे का ऐकायचं. इतर बाया-माणसांचे ढीग लागले, गफूरसमोर मूठभर खडी.

मुकादम म्हणाला होता, "दगूड फोडतोस का त्येची तब्येत इचारतोस रं?"

आम्ही हसलो. गफूर हसला नाही. "भाई, आवाज अच्छा हो तो हाथ नहीं उठता," एवढं म्हणाला आणि महिनाअखेरीस मकराण्याला निघून गेला. परत आला नाही.

*

राहता राहिला एक किस्सा. हा सांगायला आमच्यात कुणी पुढं होत नाही.

एका दुपारी वडूजकडचे एक रिटायर्ड सुभेदार आले. बरोबर पन्नाशीची एक बाई. कपाळ मोकळं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी.

"तुमच्याकडं इटलीचा दगूड हाय म्हनं," सुभेदार म्हणाले. "घ्यायचा न्हाई. ह्या वयनींना निस्ता बघायचाय."

अण्णांनी खुर्च्या दिल्या. सुभेदारांनी उभ्याउभ्याच सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात ते आणि ह्या बाईंचे मालक एकाच पलटणीत, इटलीत होते. एका गावात मालकांना गोळी लागली. सुभेदारांनी त्यांना ओढत नेऊन तिथल्या चर्चच्या पांढऱ्या पायरीवर निजवलं. तिथंच ते गेले.

"तवापास्नं वयनी इचारत्यात, पायरी कसली हुती? मी म्हनतो, पांढरी. ह्या म्हनत्यात, पांढरी म्हंजी कशी?"

अण्णा उठले. एकेक तुकडा दोन्ही हातांनी धरून आणला आणि ओळीनं मांडला. कॅरारा, स्टॅच्युआरिओ, कॅलाकाटा. सायीच्या रंगाचा बोत्तिचिनोसुद्धा आणला.

"ह्यातला कुठला, सुभेदार?"

सुभेदार वाकून एकेक दगड बघत गेले. "अण्णा, बरफ पडत हुता. रगात लय हुतं. मला न्हाई वळखू येत."

बाई पुढं झाल्या. प्रत्येक दगडावर तळवा ठेवत गेल्या. कॅराऱ्यावर हात थांबला.

"ह्यो."

"कशावरनं, वयनी?"

बाई खाली बसल्या, फडकं सोडलं, भाकरी मधोमध मोडली. अर्धी दगडावर ठेवली, अर्धी चटणीला लावून स्वतः खाल्ली. खाऊन झालं, हात पदराला पुसला आणि तशाच बसून राहिल्या. दुकानात आम्ही तिघं पुरुष उभे, कुणाला कुणाकडं बघवेना.

एस. टी. ची वेळ होत आली. सुभेदार हलक्या आवाजात म्हणाले, "वयनी, चला आता. गाडी चुकंल."

"थांबा वाईच," बाई म्हणाल्या. "त्यास्नी जेवाय लय येळ लागतो."