टाकी वाजवून पाहिली

बाजाराच्या दिवशी आम्ही बायका पाणी पीत नसू. सकाळी भाकरीबरोबर दोन घोट घ्यायचे, तेच दिवसाचे. मग उन्हात मेथीच्या जुड्या पुढं मांडून बसायचं आणि जीभ टाळूला चिकटली तरी तांब्याकडं बघायचं नाही. कारण प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागा नव्हती. पुरुषांचं काय, बाजारतळामागची सगळी भिंत त्यांचीच. लघवीला जळजळ व्हायची ती मी वर्षानुवर्षं वयाचं दुखणं म्हणून सोसत आले.

म्हणून ते फिरतं शौचालय आलं त्या दिवशी मी त्याच्यापुढं नारळ फोडला. हसू नका, खरंच फोडला. चाकांवरची निळी गाडी, ट्रॅक्टरला जोडून आणलेली. दोन दारं बायकांची, दोन पुरुषांची. वर पाण्याची टाकी, खाली पोटाशी मोठी लोखंडी टाकी, तिच्यात मैला साठायचा. तिच्या शेजारी एक धाकटी टाकी, हात धुतलेल्या पाण्याची. मोठी भरली की तालुक्याहून उपसायचा टँकर येणार, जाड पाइप लावणार आणि ओढून नेणार, असं सगळं ठरलेलं.

सरपंचबाई म्हणाल्या, "देखरेख कोण करतंय?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. आता माझा स्वभाव शकी, हे गावाला माहीत आहे. दूध आलं की मी बोट बुडवून बघते. गिरणीतून दळण आलं की पिठी चाखून बघते, आपलीच ज्वारी आहे का म्हणून. चावी माझ्या गळ्यात आली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

पहिल्याच बाजारी मी एक गोष्ट पकडली. आत दट्ट्या दाबला की बादलीभर पाणी भसाभसा जायचं. बादलीभर! आमच्या भागात उन्हाळ्यात घागरीमागं घागर लावून रांगेत बसलेल्या बाईला हे बघवतं का? मी बायकांच्या बाजूचा वरचा कॉक बंद केला. दाराशी एक पिंप ठेवलं, त्यात एक टमरेल. प्रत्येक बाईला सांगायचे, "एकात भागवायचं. पाणी काय आभाळातून पडतंय का?"

"आभाळातूनच पडतंय की, अक्का," शेजारी बसणारी बांगडीवाली म्हणायची. तिचं तोंड तिच्या बांगड्यांपेक्षा जास्त वाजतं.

"पडतंय तवा सांग मला," मी म्हणायचे.

दोनतीन महिने बरे गेले. मग वास सुटला. आधी दाराशी, मग माझ्या मेथीपर्यंत, मग समोरच्या भजीवाल्याच्या कढईपर्यंत. मी बाटलीच्या बाटली फिनेल ओतलं. वास वाढलाच. टँकर येऊन गेला तरी दुसऱ्या बाजारी परत तोच वास.

इथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. टँकरवाला यायचा, पाइप लावायचा, मशीन घरघरायची, आणि बशीतला चहा निवायच्या आत पाइप गुंडाळून मोकळा. एवढी मोठी टाकी इतक्या लवकर रिकामी होते?

आमच्याकडं पत्र्याच्या कोठीत ज्वारी किती राहिली ते झाकण न उघडता कळतं. बोटाच्या सांध्यानं वरून खाली वाजवत यायचं. पोकळ असेल तिथं खणखण, धान्य असेल तिथं बद्द. मी दगड घेऊन मैल्याची टाकी तशीच वाजवली. टँकर जाऊन तासही झाला नव्हता, आणि मधोमध, अर्ध्याच्या वर, बद्द! मी गेरूनं तिथं रेघ ओढली. पुढच्या खेपेला तो येऊन गेल्यावर परत वाजवलं. आवाज रेघेच्या खाली उतरला होता तो फक्त चार बोटं.

झालं. माणूस अर्धंच उपसतो, लवकर सुटतो, आणि वास आम्ही घ्यायचा. त्याचं गोड बोलणंही आता मला खुपायला लागलं. "आजी, तब्येत बरी हाय का?" म्हणायचा. मी मनात म्हणायचे, माझी तब्येत कशाला विचारतोस, टाकीची विचार की.

तेवढ्यात भजीवाला सरपंचबाईंकडं जाऊन आला. बाई बाजारात आल्या, पदर नाकाला लावला आणि मला म्हणाल्या, "पुढच्या बाजारपतुर वास गेला न्हाई तर गाडी शाळेमागं नेऊन कुलूप लावते. माझ्याकडं रोज तक्रार हाय."

कुलूप म्हणजे परत तेच. परत कोरडी जीभ, परत बाभळीचा आडोसा, आणि ती बाभळही आता तोडलेली.

दुसऱ्याच दिवशी टँकर बोलावला. उपसून झालं, तसं त्यानं पाइप सोडवायच्या आधीच मी दगड घेऊन उभी राहिले. बांगडीवाली होती, आणखी चारसहा बायका होत्या. सगळ्यांसमोर म्हणाले, "तू अर्धंच उपसतोस. मला फसवतोस. ही बघ रेघ, हा बघ आवाज." आणि वाजवून दाखवलं.

त्याचा चेहरा उतरला. चाळिशीचा माणूस, हाताला कायम ग्रीस. "आजी, पंधरा वर्सं हे काम करतो. लोक हात लावू देत न्हाईत, पर बेइमान कुणी म्हणलं न्हाई."

"मग आवाज खोटा हाय का?"

तो खाली वाकला, मागच्या झाकणाचे नट पाना लावून फिरवले आणि झाकण बाजूला केलं. "या. तुमच्या डोळ्यांनीच बघा."

मी पदराचे दोन पदर करून नाकाला बांधले आणि वाकले. त्यानं मोबाईलची बत्ती आत धरली.

आत डोंगर होता. दुसरा शब्द नाही. बायकांच्या दोन भांड्यांच्या बरोबर खाली, वारुळासारखा, टाकीच्या पत्र्याला चिकटून उभा, वाळून टणक झालेला, वर टोक आलेलं. बाकीचा तळ दिसत होता, स्वच्छ ओढलेला. पुरुषांच्या बाजूला असं काही नव्हतं. तिथला कॉक मी बंद केला नव्हता. तिकडं मी जातेच कशाला?

"माझी मशीन पातळ ओढते, आजी. दगूड कसा ओढंल?" तो म्हणाला. "पाणी किती टाकता तुमी?"

मग बांगडीवाली म्हणाली, "एक टमरेल. तेबी अक्का वरून बघतात, काठोकाठ भरू देत न्हाईत."

बायका फिस्सकन हसल्या. तोही हसला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसला नाही. म्हणाला, "घागर जपावी तशी तुमी टाकी जपली. हिला पाणी लागतं. उपसली की आधी चार बादल्या आत सोडायच्या, मग दार उघडायचं. आन् फिनेल बंद करा, त्यानं मैला कुजवणारे जंतू मरतात, आत नीट कुजत न्हाई, म्हणून तर वास."

मी दगड खाली टाकला. ज्या बायकांसाठी गाडी आली, त्यांचीच बाजू मी माझ्या हातानं तुंबवली होती, आणि चोर दुसऱ्याला म्हटलं होतं.

पण बाजार सहा दिवसांवर होता. "हे निघंल का?" मी विचारलं.

"भिजवलं तर. पाणी लई लागंल."

पाणी मी माझ्या घरच्या हौदातलं दिलं. सुनेनं धुण्याचा ढीग माझ्या खाटेजवळ आणून ठेवला. दोन ड्रम आत ओतले, झाकण आवळलं आणि तीन दिवस तसंच भिजत ठेवलं. मग त्यानं सांगितल्याप्रमाणं गाडी ट्रॅक्टरला जोडली, आणि लिंबागणेशच्या रस्त्यानं हळूहळू नेली आणि आणली, आतलं पाणी हिंदकळून ढेकळं फुटावीत म्हणून. त्या रस्त्याच्या खड्ड्यांनी पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं केलं. मी ट्रॅक्टरवर बसले होते. विश्वास नव्हता म्हणून नाही. बरं, थोडा नव्हता. कुठं थेंब सांडला तर कुणी बघायला नको का?

परत आल्यावर टँकर लागला. या वेळी माझा चहा निवला, दुसरा केला, तोही निवला. शेवटी त्यानं धाकट्या टाकीचं पाणी पाइपातून सोडलं. हात धुतलेल्या साबणाच्या पाण्यानं पाइप आपोआप धुऊन निघाला. हे मात्र मला फार आवडलं. एकच पाणी दोन कामांना.

मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, "वाजवा."

मी वरून खाली वाजवत आले. खणखण, खणखण, गेरूच्या रेघेवर खणखण, तळापर्यंत. "चुकलं माझं," मी म्हणाले. तो पाइप गुंडाळत होता. म्हणाला, "तुमी वाजवून बघितलं म्हणून कळलं तरी. बाकीच्या गावात कुणी वाजवतबी न्हाई."

बाजाराच्या सकाळी मी चार बादल्या आत सोडल्या. हात थांबत होता प्रत्येक बादलीला, खोटं कशाला सांगू. मग वरचा कॉक उघडला आणि टमरेल घरी पाठवून दिलं. सरपंचबाई आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, नाक दोनदा ओढलं आणि भजीवाल्याकडं जाऊन भजी खायला बसल्या. कुलपाची गोष्ट काढली नाही.

बांगडीवाली आतून आली. दट्ट्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता, भसाभसा. मी डोळे मिटून घेतले.

"अक्का, एकदाच दाबला," ती म्हणाली, आणि माझा तांब्या उचलून दहाच्या उन्हात सगळा पिऊन टाकला.